तिच्या आवाजावर गाडी चालते

इंदूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर म्हणालीस, "तुला काय करायचं ते कर, पण सुनेला कशाला त्या गाडीत बसवतोस?" फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितो आहे. मी तिला बसवत नाही गं. ती नसेल तर मला मोटार रॅलीच्या स्टेजवर, म्हणजे शर्यतीच्या रस्त्यावर, गाडी काढताच येणार नाही.

रॅलीत वळण दिसायच्या आधीच ब्रेक मारायचा की नाही ते ठरवावं लागतं. रॅलीच्या आधी रेकी असते. तेव्हा ठरवून दिलेल्या वेगात, बहुधा दोनदाच, रस्ता बघायला मिळतो. मी वळण बघून आकडा बोलतो, ती लिहून घेते. आमच्या वहीत एक म्हणजे सगळ्यात अवघड वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळच. दुसऱ्या फेरीत ती वाचते, मी गाडी चालवतो, चुकलेलं खोडायचं. म्हणून तिला पेन्सिलच लागते. "राइट फोर, शंभर, लेफ्ट थ्री टाइटन्स, डोन्ट कट." शंभर म्हणजे मीटर. टाइटन्स म्हणजे वळण पुढे आणखी आवळत जातं. डोन्ट कट म्हणजे आतल्या कडेला दगड किंवा खड्डा आहे, वळण कापू नकोस. रविवारी पहाटे आम्ही सिमरोल घाटात सावकाश जातो, ते याच लिहिण्याच्या सरावासाठी.

आणि मग प्रत्यक्ष स्टेज. पुढच्या गाडीची धूळ अजून खाली बसलेली नसते, बॉनेटपलीकडचं काही दिसत नाही, आणि हेल्मेटमध्ये तिचा आवाज येतो, "क्रेस्ट, फ्लॅट." म्हणजे चढाचा माथा आहे, वेग कमी करू नकोस. चढापलीकडे रस्ता कसा आहे ते मला दिसत नसतं, तरी मी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत नाही. चाकं जमीन सोडतात, पोटात गोळा येतो, आणि खाली उतरतो तेव्हा रस्ता तिने सांगितला तसाच असतो. असा आनंद मला दुसऱ्या कशातच मिळालेला नाही. ती मात्र समोर फारसं बघतच नाही. डोळे वहीत. आपण कुठवर आलो ते सीटला बसणाऱ्या हिसक्यांवरून ओळखते. लवकर वाचलं तर माझ्या डोक्यातून निघून जातं, उशिरा वाचलं तर वळण हातचं गेलं. तो नेमका क्षण तिलाच साधतो.

बाबा, १९५५ साली इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस या इंग्रज ड्रायव्हरच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा पत्रकार होता. आधी रस्ता फिरून काढलेली टिपणं त्याने कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर उतरवली होती. शर्यतीत गुंडाळी फिरवत तो हाताच्या खुणांनी वळणं सांगत गेला. सुमारे १,६०० किलोमीटर त्यांनी १० तास ७ मिनिटांत कापले आणि जिंकले!

आता काळजीचं. स्टेजचा रस्ता वाहतुकीला बंद असतो. गाडीत रोल केज म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा, अंगावर न पेटणारा पोशाख, मानेला आधार. शिवाय गाडी बंद पडली किंवा आपटली की मागच्यांना दाखवायचा एक फलक असतो, एका बाजूला ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. एसओएस दिसलं की मागून येणाऱ्या गाडीने वेळेची पर्वा न करता थांबायचंच. तरीही धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. तो आम्ही दोघांनी जाणून पत्करला आहे, आणि माझ्याइतकीच तिचीही ती हौस आहे.

दिवाळीला याल तेव्हा चौघं सिमरोलला जाऊ, घरच्याच गाडीने, हळूहळू. पुढे बसून वही बाबांनी वाचायची. आणि आई, तू एकदा तिलाच फोन कर. मला विचारतेस ते सगळं तिला विचार. तू रागावली आहेस असं वाटून ती गप्प असते.

तुमचा,
बाळ