रिपोर्टच्या आधी आलेला फोन: एका रेडिओलॉजिस्टचे आभार

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

रुग्ण अजून एमआरआयच्या टेबलावर असताना तुम्ही वॉर्डात फोन केलात आणि एवढंच विचारलंत, "थायामिन चढवलंय का?" रिपोर्ट टाइप व्हायचा होता, पण थायामिनच्या, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाच्या, अभावाने मेंदूला इजा करणारा वेर्निके एन्सेफॅलोपथी हा आजार तुम्ही ओळखला होता. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी.

आधीच्या ठिकाणी गरोदरपणातल्या उलट्या म्हणून ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या, ब-1 चा थेंबही न देता. शरीरातला थायामिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. वरून ग्लुकोज ओतलं की उरलासुरलाही त्याच्या ज्वलनात खर्ची पडतो. बुबुळं थरथरू लागली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तेव्हा कुठे सीटी काढला. तो नॉर्मल आला (या आजारात बहुधा तसाच येतो) आणि चिठ्ठी निघाली मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची!

तुम्हाला फ्लेअरवर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांवर) दिसलं ते असं: मेंदूच्या मध्यभागातल्या दोन्ही थॅलॅमसच्या आतल्या कडा, तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) भिंती, मध्यमेंदूतल्या ॲक्विडक्टभोवतीचा (त्या द्रवाच्या अरुंद नळीभोवतीचा) करडा भाग, सगळं डावी-उजवीकडे सारखंच पांढरं, म्हणजे इजा झालेलं. गरोदर म्हणून गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) टाळलंत आणि मॅमिलरी बॉडीज, म्हणजे मेंदूच्या तळाचे स्मरणाशी जोडलेले दोन छोटे गोलसर भाग, पातळ कोरोनल (समोरून पाहिल्यासारख्या उभ्या) कापांवर शोधून काढल्यात. शिवाय बजावलंत, की एमआरआय स्वच्छ आला असता तरी औषध अडवायचं नव्हतं, कारण जवळपास निम्म्या रुग्णांत तो काहीच दाखवत नाही. आपल्या यंत्राची मर्यादा अशी आपणहून कोण सांगतो हो?

500 मिलिग्रॅम थायामिन, 100 मिली सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. मॅग्नेशियमही पाहिलं, ते कमी असलं तर थायामिन देऊनही गुण येत नाही. आधी डोळे सुधारले, चाल बरीच मागाहून.

पुढच्या एमआरआयमध्ये थॅलॅमसवरचा पांढरेपणा गेला होता. 'नॉर्मल' लिहून मोकळं होता आलं असतं. तुम्ही दोन्ही स्कॅन शेजारी लावलेत आणि लिहिलंत: सिग्नल निवळला, मॅमिलरी बॉडीज किंचित आक्रसल्या. त्या अर्ध्या ओळीमुळे घरच्यांशी खरं बोलता आलं. तोल सावरला तरी नवं लक्षात राहायला वेळ लागेल, थोडी उणीव कायमची राहूही शकते. आणि उलट्या थांबल्या, स्कॅन सुधारला म्हणून थायामिनच्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

आपला ऋणी,
वॉर्डातला एक सहकारी