जॉगिंग ट्रॅक कशाला, पाखाड्या आहेत की!

संपादक महोदय,
स. न.

किनाऱ्यावरच्या मोठ्या गावांतून हल्ली एक मागणी हमखास ऐकू येते: सकाळी फिरायला जागा नाही, जॉगिंग ट्रॅक करून द्या. मग सुरूच्या बनात पेव्हर ब्लॉक येतात, चार दिव्यांचे खांब येतात, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं उभी राहतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात ब्लॉक खालीवर होतात. ब्लॉक बसवतात वाळूच्या थरावर, आणि पाऊस पडतो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. कडेला पक्की बांधणी नसली की पाणी खालची वाळू ओढून नेतं. उरलेलं काम सुरूची मुळं आणि खेकडे करतात. ज्या आजी-आजोबांसाठी ट्रॅक केला, तेच त्यावर ठेचकाळतात.

चालायच्या वाटा आपल्याकडे आधीपासून आहेत. बाजारपेठेतून वरच्या वाडीला चढणारी पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या (कापलेल्या ठोकळ्यांच्या) पायऱ्यांची वाट, सड्याच्या (माथ्यावरच्या उघड्या कातळपठाराच्या) कडेची पायवाट, देवराईचा वळसा, खाजणाचा (खाडीकाठच्या खारजमिनीचा) बांध, सुरूचं बन आणि पुळण (किनाऱ्याची वाळू). हे तुकडे जोडले की पुष्कळ गावांत तीन-चार किलोमीटरचा फेरा तयार होतो. सपाटीला ताशी चार किलोमीटर आणि शंभर मीटर चढाला दहा मिनिटं जास्त, हा साधा हिशेब. विसावे धरून साडेतीन किलोमीटरला सव्वा तास ठेवावा. फेरा एसटी स्टँडवर किंवा देवळाशी सुरू होऊन तिथेच संपावा, म्हणजे परतीच्या रिक्षाचा प्रश्न उरत नाही. पाखाडी चढायला ठेवावी आणि उतरायला गाडीरस्ता. ओल्या जांभ्यावर पाय घसरतो तो बहुधा उतरताना, आणि गुडघेही उतारालाच बोलतात.

पाखाडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिचीच चालू आहे. जुन्या पायरीची उंची एका चिऱ्याएवढी, सहा-सात इंच, आणि पाऊल पूर्ण टेकेल एवढी रुंदी. म्हणजे शंभर पायऱ्यांना पन्नास-साठ फूट चढ, म्हाताऱ्या माणसालाही मधे दोनदा थांबून जमेल असा. हल्ली तिच्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर ओततात आणि मोटारसायकल चढावी म्हणून मधून उतरण काढतात. पहिल्याच आषाढात तिथे शेवाळाची घसरगुंडी होते.

शेवाळ येतं सावली आणि वाहतं पाणी यांच्यामुळे, तेव्हा उपायही तिथेच करायला हवा. पायरीला अर्धा इंच ढाळ कडेच्या गटाराकडे द्यायचा. गटार डोंगराच्या अंगाला वीतभर रुंद ठेवायचं आणि मिरगाआधी पाचोळा काढून मोकळं करायचं. वर झुकलेल्या फांद्या मालकाला विचारून छाटायच्या, म्हणजे ऊन आत येतं. आलेलं शेवाळ जाड वाळू टाकून खराट्याने घासावं. ब्लिचिंग पावडर टाकू नये. पाखाडीचं पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीत किंवा पऱ्यात (ओढ्यात) जातं. हललेला चिरा काढून खाली मुरूम ठोकून पुन्हा बसवता येतो, त्याला सिमेंट लागत नाही. काँक्रीट करणं अगदीच भाग असेल तर ओलं असतानाच त्यावर खराटा आडवा ओढून ओरखडे पाडावेत. एवढं अंदाजपत्रकात लिहून घेतलं तरी बरेच हातपाय वाचतील.

सड्यावर सावली नाही. फाल्गुनापासून नऊच्या आत तिथून उतरायला हवं, म्हणून सकाळच्या फेऱ्यात सडा आधी आणि बन नंतर, संध्याकाळी उलट. वाट उघड्या कातळावरूनच न्यावी. श्रावण-भाद्रपदात कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात. त्यांच्यावरून रोज माणसं चालली तर पुढच्या वर्षी तिथे नुसता चिखल राहील. कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) असतील तर वाट त्यांच्या बाजूने जावी, वरून नाही. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तरी फोटो नीट यावा म्हणून त्यांत खडू भरणारे महाभाग आहेतच. सड्यावरचा खरा धोका मात्र जुन्या चिरेखाणीचा. तिच्या भिंती तासल्यासारख्या सरळ असतात आणि पावसाळ्यात ती काठोकाठ भरते. खाणीच्या काठापासून पाच-सहा फूट अलीकडे कमरेएवढा गडगा (सुट्या दगडांची भिंत) रचल्याशिवाय त्या बाजूने वाट नेऊच नये.

गडग्याचं निघालं म्हणून सांगतो: त्यावर बसू नये, फटीत हात घालू नये. फुरसं तिथेच असतं. अंधार पडल्यावर बॅटरी आणि बंद बूट हवेत. चावलंच तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावं. आपल्याकडच्या प्रतिसर्पविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा उतारा असतो.

देवराईतून वाट काढू नका, कडेने न्या. आत जायचं तर गावकर-मानकऱ्यांना विचारून, आणि वाळकी काटकीही न उचलता. खाजणात नवं बांधकाम नकोच. कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. आहे त्या बांधावरून चालावं, सफेद चिप्पीची श्वासमुळं बांधावरूनही छान दिसतात.

पुळणीवर वेळ सांभाळावी लागते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच का करायची हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. जुनं गणित सोपं आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, सकाळी नवाला पूर्ण सुकती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, फिरायला जाणाऱ्याला तेवढं चालतं. त्यामुळे सकाळसाठी प्रतिपदा ते चतुर्थी उत्तम, संध्याकाळसाठी पौर्णिमा-अमावास्या. अष्टमी-नवमीला सकाळी सहा-सातला भरती असते, पण ते दिवस भांगाचे, पाणी फार वर चढत नाही. एकादशी-द्वादशीला भरती सव्वाआठ-नऊला येते आणि पाणी दिवसेंदिवस उधाणाकडे चाललेलं असतं. तेव्हा पुळण गाळून बनातूनच परतावं. पावसाळ्यात तर पुळण फेऱ्यातून काढूनच टाकावी. चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. खाडीचं मुख ओहोटीलाही पायी ओलांडू नये.

आता अडचणीचा भाग. वाडीतली निम्मीअधिक पाखाडी वहिवाटीची असते, नवा मालक चिऱ्याची भिंत घालतो आणि वाट तुटते. गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो, तो आधी पाहावा. वहिवाटीची वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बहुतेक गावांत हे सहा महिने ‘बघू, बोलू’ करण्यातच जातात. भांडणाआधी मालकाशी बोलावं हे खरंच, पण तारीख लिहून ठेवून.

खुणांसाठी झाडांना खिळे ठोकू नयेत. जांभ्यावर थेट ऑइलपेंट दिला तर दगड पाणी पितो आणि रंगाचे पोपडे सुटतात. वीतभर पांढऱ्या सिमेंटचा पट्टा ओढून त्यावर बाण काढावा, जमिनीपासून चार फुटांवर, कारण भाद्रपदात रान कमरेला लागतं. दर चारशे-पाचशे मीटरवर चिऱ्याचा कट्टा हवा, सतरा-अठरा इंच उंचीचा. त्याहून खाली बसलेल्या म्हाताऱ्याला उठताना हात द्यावा लागतो. बेणणी (वाटेवरचं रान काढणं) वर्षातून दोनदा, एक गणपतीच्या आधी चाकरमानी यायच्या आत आणि दुसरी दसऱ्यानंतर. स्टँडवर फेऱ्याचा नकाशा लावाल तेव्हा त्याच्या खाली एक काळा फळा ठेवा आणि त्यावर रोजची तिथी व भरतीची वेळ खडूने लिहायचं काम शाळेतल्या मुलांकडे द्या.

– एक वाचक, गुहागर तालुका