सर्वात मोठा ग्राहक कोणता, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही टीम सोडलीत त्या दिवशी मला दोन शब्द बोलायचे होते. तुम्ही हातानेच "राहू दे" म्हणालात आणि ते राहून गेलं. आज लिहायला बसलोय. पत्र उघड लिहितोय, कारण टेस्टसाठी खऱ्यासारखा डेटा आणि खऱ्यासारखा लोड कसा बनवायचा, हे तुम्ही मला जे शिकवलंत ते डेटाबेसवर काम करणाऱ्या आणखी चारजणांच्या उपयोगी पडलं तर तुम्हाला आभारापेक्षा त्याचंच बरं वाटेल.

ती रात्र तुम्हाला आठवत असेल. ऑर्डरींची नवी स्क्रीन लाइव्ह होऊन एकच दिवस झाला होता. सगळ्या ग्राहकांची पानं झटकन उघडत होती, एकाचं मात्र उघडेना. चक्र फिरत राहायचं आणि शेवटी टाइमआउट. रात्री अकरा वाजता मी तुम्हाला फोन केला आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिलो, की टेस्टमध्ये मी १ कोटी ऑर्डरी भरल्या होत्या, १ लाख ग्राहक होते आणि हीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तिथे मिलिसेकंदांत यायची. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुझ्या टेस्टमधला सर्वात मोठा ग्राहक कोणता?"

मला सांगता येईना. ग्राहकवार मोजणी लावली. सर्वात मोठ्याच्या नावावर १४५ ऑर्डरी होत्या, सर्वात लहानाच्या नावावर ६०. पलीकडून तुम्ही म्हणालात, "अरे, असं जग कुठे असतं का? आता प्रॉडक्शनवर हेच मोज." प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू डेटाबेसवर, पान न उघडणाऱ्या त्या एकाच ग्राहकाच्या ८ लाख ऑर्डरी निघाल्या.

तिथून पुढचं तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलंत. क्वेरीला एका ग्राहकाच्या ताज्या २० ऑर्डरी हव्या होत्या. इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची शोधसूची, होता फक्त ग्राहक क्रमांकावर. म्हणजे डेटाबेस आधी त्या ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डरी उचलणार, मग तारखेनुसार लावणार आणि मग वरच्या २० देणार. शंभर ओळी वाचून लावायला वेळ तो किती लागणार! ८ लाख ओळींचं तसं नव्हतं. एक्सप्लेन अ‍ॅनलाइज ही, क्वेरी कशी चालली ते दाखवणारी, आज्ञा चालवल्यावर दिसलं, की २० ओळींसाठी ८ लाख ओळी वाचल्या जात होत्या.   ग्राहक आणि तारीख दोन्ही मिळून एक इंडेक्स केला, की डेटाबेस त्या ग्राहकाच्या शेवटच्या टोकाला जाऊन २० ओळी वाचतो आणि थांबतो. इंडेक्स तयार झाला, पान उघडलं. मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "इंडेक्स झाला. पण तुझा डमी डेटा अजून तसाच आहे. उद्या बसू."

त्या "उद्या बसू"साठी हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी स्क्रिप्ट उघडलीत. जनरेट सिरीज या फंक्शनने १ कोटी ओळी आणि रँडमने, म्हणजे शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देणाऱ्या फंक्शनने, ग्राहक क्रमांक. असं सगळेच करतात. त्या ओळीत तुम्ही एवढंच केलंत, की रँडमच्या आकड्याचा घन घेतलात आणि मग १ लाखाने गुणलंत. शून्य आणि एकच्या मधल्या आकड्याचा घन केला की तो शून्याकडे सरकतो, म्हणून सुरुवातीच्या ग्राहकांकडे ऑर्डरी गोळा होतात. पुन्हा मोजलं, तर पहिल्या ग्राहकाकडे सुमारे २ लाख १५ हजार ऑर्डरी आणि शेवटच्यांकडे तेहतीसच्या आसपास. पहिल्या एक हजार जणांकडे, म्हणजे शंभरातल्या एकाकडे, एकूण ऑर्डरींच्या एकवीस टक्क्यांहून जास्त. जुना इंडेक्स या डेटावर चालवून बघितला आणि आदल्या रात्रीचा घोळ माझ्याच लॅपटॉपवर उभा राहिला. लाइव्ह जाण्याआधी कधीही दिसू शकला असता तो. त्या क्षणी मला जे समजलं ते कुठल्याही प्रशिक्षणात समजलं नव्हतं.

मग मी म्हणालो, प्रॉडक्शनचीच कॉपी टेस्टला घेऊ, झंझट नको. तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "त्यात माणसांचे फोन नंबर आहेत, पत्ते आहेत. ते आपल्याला सांभाळायला दिलेत, खेळायला नाही." आकार उचलायचा, माणसं नाही, हे तुम्ही पीजी स्टॅट्समधून, म्हणजे पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेसने ठेवलेल्या कॉलमांच्या आकडेवारीतून, दाखवलंत. कुठल्या कॉलममध्ये वेगळ्या किमती (म्हणजे त्यात भरलेल्या नोंदी) किती, रिकाम्या जागा किती, सर्वात जास्त येणाऱ्या किमतींचं प्रमाण किती. आणि तिथेही बजावलंत, की प्रमाणांचा कॉलम घे, किमतींचा घेऊ नकोस, कारण त्या किमती म्हणजे खरी नावं आणि खरे नंबर असू शकतात. हे मला आपलं आपण कधीच सुचलं नसतं.

दोन कॉलमांचं नातंही तुम्हीच दाखवलंत. माझ्या डेटात शहर वेगळं रँडम होतं आणि पिनकोड वेगळा रँडम. प्रत्यक्षात पिनकोड कळला की शहर कळतंच. पोस्टग्रेसचा प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, दोन अटींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरून त्यांची प्रमाणं गुणतो आणि किती ओळी येतील याचा अंदाज फार कमी धरतो. माझ्या बनावट डेटात खरोखरच संबंध नव्हता, त्यामुळे प्लॅनरचा अंदाज दरवेळी बरोबर यायचा आणि मी निर्धास्त. क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही सोय २०१७ साली, पोस्टग्रेस १० मध्ये, याच अडचणीसाठी आली, हे तुमच्याकडून कळलं. नावांच्या कॉलममध्ये तुम्ही "श्री" भरलंत आणि विचारलंत, किती अक्षरं? मी म्हटलं एक. डेटाबेसने ४ सांगितली (श, हलन्ताची खूण, र आणि ईकार) आणि अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत बाइट भरले १२.

लोडची गोष्ट तर मी आजही नव्या लोकांना जशीच्या तशी सांगतो. मी पीजीबेंच, म्हणजे पोस्टग्रेसवर लोड टाकून वेग मोजायचं साधन, स्केल १ या आकारावर तयार करून ५० क्लायंट (एकाच वेळी विनंत्या पाठवणारे) सोडले होते आणि क्लायंट वाढवूनही व्यवहारांचा आकडा वाढत नाही म्हणून सर्व्हरला दोष देत होतो. तुम्ही म्हणालात, ब्रँचेसच्या टेबलात किती ओळी आहेत बघ. एक! स्केल १ म्हणजे बनावट बँकेतल्या खात्यांच्या १ लाख ओळी, टेलरच्या (कॅशियरच्या) १० आणि ब्रँचची एकच. पीजीबेंचचा ठरलेला व्यवहार दरवेळी ब्रँचची शिल्लक बदलतो, म्हणजे माझे पन्नासही क्लायंट एकाच ओळीच्या कुलपापाशी रांगेत उभे होते. मी मोजत होतो ती रांग. जितके क्लायंट तितकं तरी स्केल हवंच, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं. दहा सेकंदांची टेस्ट मी टाकून दिली तीही तेव्हाच. चेकपॉइंट (बदल डिस्कवर उतरवणं) यायला आणि व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई) जागा व्हायला वेळ द्यावा लागतो.

सर्वात अवघड वाटलेली गोष्ट शेवटी कळली. माझा प्रत्येक क्लायंट उत्तर आल्यावरच पुढची विनंती पाठवायचा. सर्व्हर दोन सेकंद अडकला की क्लायंटही गप्प, म्हणजे त्या दोन सेकंदांत ज्या शेकडो विनंत्या यायला हव्या होत्या त्या आल्याच नाहीत आणि त्यांना झालेला उशीर कुठे मोजलाही गेला नाही. अहवालात क्लायंटमागे एकच संथ विनंती दिसायची. गिल टेने या इंजिनिअरनी याला कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलंय, हेही तुम्ही सांगितलंत. खरा ग्राहक सर्व्हरची अडचण बघून थांबत नाही, तो आपल्या वेळेला येतोच. पीजीबेंचला दर ठरवून देणारा आर हा पर्याय लावला, तेव्हा वेळापत्रकाच्या किती मागे पडलो तेही दिसायला लागलं. सरासरी तीच छान राहिली आणि नव्व्याण्णवाव्या टक्क्याचा आकडा, म्हणजे शंभरातल्या सर्वात संथ विनंतीला लागणारा वेळ, बघून मी खुर्चीत सरळ बसलो.

चहाच्या वेळी तुम्ही टीपीसी-सीबद्दल बोलायचात, त्या गप्पा मला फार प्रिय आहेत. डेटाबेसचा वेग मोजायचा १९९२ सालचा तो बेंचमार्क. त्यात नव्या ऑर्डरींपैकी सुमारे एक टक्का मुद्दाम चुकीच्या मालाच्या क्रमांकाने पाठवून रद्द करायला लावतात, कारण खऱ्या जगात माणसं चुकतात आणि डेटाबेसला माघारही घेता यायला हवी. हे ऐकून मी आपल्या लोड स्क्रिप्टमध्येही फसणाऱ्या ऑर्डरी घातल्या आणि रोलबॅकच्या, म्हणजे त्या माघारीच्या, वाटेवरचा एक बग तिथेच सापडला. त्यातल्या ग्राहकांची आडनावं कशी बनतात ते सांगताना तर तुमचा चेहरा खुलायचा. दहा तुकडे ठरलेले: बार, ऑट, एबल, प्री, प्रेस, ईझ, अँटी, कॅली, एशन, ईंग. शून्य ते नऊ या अंकांना एकेक. तीन आकडी संख्या घ्या, आडनाव तयार. हजार आडनावं, एकही खऱ्या माणसाकडून न घेतलेलं.

ताई, माझ्या चुकीचा तुम्ही कधी चारचौघांत उच्चार केला नाहीत. इन्सिडेंटच्या अहवालात "टेस्ट डेटा समप्रमाणात होता" एवढंच वाक्य होतं, माझं नाव नव्हतं. त्याबद्दलचे आभार वेगळे आहेत, आणि ते कसे मानायचे ते मला अजून उमगलेलं नाही.

तुमची स्क्रिप्ट अजून चालू आहे. तिच्यात आता एकही ऑर्डर नसलेले ग्राहक आहेत, रद्द झालेल्या ऑर्डरी आहेत, एका महिन्यात एकदम वाढणारी गर्दी आहे. पहिली ओळ मात्र मी कुणाला बदलू देत नाही. सेटसीडमध्ये, म्हणजे रँडमची सुरुवात ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये, तुम्ही ०.३७१ लिहिलं होतंत, दरवेळी तोच डेटा तयार व्हावा आणि सापडलेली चूक पुन्हा सापडावी म्हणून. ३७१च का, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. परवा टीपीसी-सीचं स्पेसिफिकेशन वाचताना आडनावांचं उदाहरण दिसलं आणि बोट तिथेच थांबलं: ३७१, प्रीकॅलीऑट.

कळावे, लोभ असावा.

रात्री अकराला फोन करणारा तुमचा सहकारी