सिंग्युलॅरिटी आणि एक हंगाम

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

यंत्राची बुद्धी २०४५ सालापर्यंत माणसाच्या बुद्धीला मागे टाकील आणि त्यानंतर बदलाचा वेग कोणाच्याही आकलनात मावणार नाही, आणि या टप्प्यालाच ‘सिंग्युलॅरिटी’ म्हणतात, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख वाचनीय होता. परंतु संगणकाची शक्ती दर दोन वर्षांनी दुप्पट होते, म्हणून ती एके दिवशी अनंताला भिडणार, असे जे त्यात गृहीत धरलेले आहे, त्याबद्दल एक निवृत्त गणित शिक्षक आणि साडेचार एकर कोरडवाहू वावराचा मालक या दोन्ही नात्यांनी काही लिहावेसे वाटते.

ठरावीक काळाने दुप्पट होणारी राशी कितीही फुगली तरी कोणत्याही एका तारखेला अनंत होत नाही. संगणकाच्या चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे, असे पुढे इंटेल कंपनीचे सहसंस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ साली नोंदवले आणि १९७५ साली तो काळ दोन वर्षांचा केला. त्या हिशेबातून डोळे दिपवणारे आकडे निघतात, सिंग्युलॅरिटी निघत नाही. हा शब्द गणितातला आहे. ज्या बिंदूवर सूत्र निरुत्तर होते, तो हा बिंदू. जसे एक भागिले क्ष या राशीत क्ष शून्य झाला की होते. त्या भागाकाराचे उत्तर ‘अनंत’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षे खाली बसवले आहे.

खरा युक्तिवाद वेगळा आहे आणि तो लेखात यायला हवा होता. ब्रिटिश गणितज्ञ आय. जे. गुड यांनी तो १९६५ साली मांडला: माणसाहून हुशार यंत्र एकदा तयार झाले की यंत्र घडवण्याचे कामही तेच अधिक चांगले करील, त्याने घडवलेले यंत्र त्याहून हुशार असेल, आणि ही साखळी आपोआप पुढे जाईल. ‘सिंग्युलॅरिटी’ हे नाव रूढ केले ते गणिताचेच प्राध्यापक असलेल्या व्हर्नर व्हिंज यांनी, १९९३ सालच्या निबंधात. ही घटना २००५ पूर्वी किंवा २०३० नंतर घडली तर आपल्याला आश्चर्य वाटेल, असे त्यांनी त्यात म्हटले होते. लेखातले २०४५ हे साल अमेरिकी संशोधक-लेखक रे कर्झवाइल यांचे आहे. आता समजा, पहिली पिढी घडायला १८ महिने लागले, दुसरी ९ महिन्यांत झाली, तिसरी साडेचार महिन्यांत, आणि असेच निम्मे निम्मे होत गेले, तर अशा अगणित पिढ्यांच्या काळाची बेरीज ३६ महिन्यांपलीकडे जात नाही. हा तर्क निर्दोष आहे. त्याला अट एकच आहे, ती म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा अशाच ठरावीक प्रमाणात लहान होत गेली पाहिजे. पायरीला अमुक इतका किमान वेळ लागणारच असेल, तर ही मालिका कुठल्याही तारखेला येऊन मिळत नाही.

शेतीत असा किमान वेळ लागतोच. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या पिकाला, सुमारे सहा महिने लागतात. मृगाच्या पावसावर टोबलेली सरकी दिवाळीच्या आगेमागे पहिल्या वेचणीला येते, आणि आपण केले ते बरोबर की चूक हे त्याआधी कोणालाही कळत नाही.

आपल्याकडे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ साली अशा विषाची दोन जनुके असलेले वाण आले. गुलाबी बोंडअळी या विषाला सरावेल हे शास्त्रज्ञांना तेव्हाही ठाऊक होते, त्यावरचा उपायही ठाऊक होता, आणि तो बियाण्याच्या पाकिटातच घातलेला होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी येत असे. ती वावराच्या कडेने लावायची, म्हणजे न सरावलेल्या अळ्या तिथे जगतील आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती लवकर फैलावणार नाही. मी स्वतः ती पुडी धुऱ्यावर भिरकावली आहे. अळीने खावे म्हणून पाच तासे लावायची हे कोणाच्या मनाला पटत नव्हते, आणि शेजाऱ्याने लावली नाहीत तर मी एकट्यानेच का लावावी, हाही प्रश्न होताच. २०१७ साली बोंडे फोडून पाहिली तेव्हा आत अळी आणि कवडीचा कापूस होता. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. या पंधरा वर्षांत बुद्धीची उणीव नेमकी कुठे होती, हे मला अजून सापडलेले नाही.

यंत्राची गती मी नाकारत नाही. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीबद्दल २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा दिला गेला, आणि ज्या कामात माणसांची वर्षे जात असत, ते आता फार कमी वेळात होते. तो वेग घरातही दिसतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये पुतण्याने पऱ्हाटीच्या पानाचा फोटो मोबाइलवरच्या एका सल्ला देणाऱ्या ॲपला दाखवला. पान कडेने पिवळे पडून लाल होत आले होते, शिरा मात्र हिरव्या होत्या. ॲपने बुरशीजन्य रोग सांगून बुरशीनाशक सुचवले आणि पुतण्याने ते कृषी केंद्रातून आणून दोनदा फवारले. तो साधा लाल्या होता, म्हणजे बुरशी नव्हे, तर रात्री गार पडू लागलेल्या, बोंडांचा भार वाढलेला आणि मॅग्नेशियम व नत्र कमी पडलेले. दीड महिन्याने ॲपची नवी आवृत्ती आली. पोराने कुतूहलाने तोच फोटो पुन्हा दाखवला, तर उत्तर अगदी बरोबर मिळाले. तोवर पाने गळून बोंडे अर्धवट उकलली होती. ॲपची चूक दीड महिन्यात दुरुस्त झाली, पुतण्याची व्हायला पुढचा मृग उजाडावा लागला.

माझी काळजी २०४५ सालाची नाही. शेतकऱ्याच्या वाट्याला आयुष्यात फार तर चाळीस हंगाम येतात, आणि कोणाचे ऐकावे, कोणाचे ऐकू नये हे तो त्या चाळिसांतूनच शिकतो. सल्ला देणारा दर दीड महिन्याने बदलत असेल, तर त्याची पारख करायला एक हंगामही पुरा मिळत नाही. मग उरतो तो नुसता विश्वास. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे राज्याचे महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५ साली आले, म्हणून हे लिहितो.

आपल्या कृषिविषयक पानातून दोन गोष्टींचा पाठपुरावा व्हावा, अशी विनंती आहे. बियाण्याच्या पाकिटावर जसा लॉट नंबर आणि उगवणशक्ती छापलेली असते, तसे मोबाइलवरच्या प्रत्येक शेती सल्ल्यासोबत तो कोणत्या जमिनीवर आणि किती हंगाम तपासला आहे, हे मराठीत लिहिलेले असावे. आणि अशा सल्ल्यामुळे नुकसान झाल्यास तक्रार कोणाकडे करायची, याची चौकशी करून उत्तर छापावे. पुतण्याने त्या दोन फवारण्यांच्या पावत्या अजून जपून ठेवल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ