मा. शिक्षणमंत्री साहेब, सहलीची एसटी कुठं गेली होती ते आम्हाला कळलंय

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

साहेब, राज्याचा कारभार मोठा आहे, तुम्हाला शंभर कामं असतात, त्यात माझ्यासारख्या शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईचं पत्र कोण वाचणार हे मला कळतं. तरी लिहिते. तुमचा वेळ घेते त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवते, पुढं मागायचं राहून जाईल.

मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या शाळेची आठवीची सहल होती. लोणार, सिंदखेडराजा, मुक्काम, दुसऱ्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ. एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे सहलीपुरती अख्खी गाडी भाड्यानं ठरवणं, झालेला, पैसे भरलेले, पावती सरांच्या खिशात. पहाटे पाचला निघायचं म्हणून लेकरं चारपासूनच शाळेसमोर, स्वेटर, कानटोप्या, बॅगा. साडेपाच झाले, सहा झाले, गाडी नाही. सरांनी डेपोत फोन लावला तर पलीकडून म्हणाले, गाड्या कार्यक्रमाला गेल्यात, वरून आदेश होता, तुम्ही दुसरी तारीख घ्या. कुठल्या कार्यक्रमाला हे विचारायची गरजच नव्हती कारण शाळेच्या भिंतीलाच बॅनर बांधलेला, हात जोडलेले एवढे चेहरे. तुमचा फोटो मी शोधला नाही, गर्दी फार होती त्यात.

सात वाजता लेकरं घरी परत. माझी पोरगी काही बोलली नाही, बॅग तशीच कोपऱ्यात टाकली आणि युनिफॉर्म घालून परत शाळेत गेली, कारण सरांनी सांगितलं सहल रद्द म्हणजे शाळा भरणार. आणि दहा वाजता आमच्याच गावावरून त्या एसट्या गेल्या साहेब, ओळीनं, अर्ध्या रिकाम्या! खिडक्यांना झेंडे. लेकरांनी वर्गातून बघितल्या.

आता तुम्ही म्हणाल एसटी माझ्या खात्यात येत नाही, परिवहन वेगळं. बरोबर आहे. आमचं लेकरू मात्र तुमच्या खात्यात येतं ना? शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत, नव्या कोऱ्या गाड्या देणार, असं पेपरात ठळक अक्षरात वाचलं होतं, मीच ते कात्रण व्हॉट्सॲपवर पालकांच्या ग्रुपला टाकलं होतं. आता ग्रुपवर लोक मलाच विचारतात, ताई तुमची नवी कोरी गाडी कुठं आहे. सवलत घेऊन काय करू साहेब, सवलतीत बसून वेरूळ दिसत नाही, त्याला गाडी लागते.

सहल म्हणजे मजा, एक दिवस नाही गेली तर काय बिघडलं, असं आमच्याकडं पण बरेच म्हणतात. माझा थोरला सातवीत असताना असाच सहलीला गेला होता वेरूळला. हा पोरगा म्हणजे पाहुणे आले की आतल्या खोलीत, दुकानात पाठवलं तर चिठ्ठी लिहून द्यावी लागायची. तिथं सोळा नंबरच्या लेणीत, कैलास लेण्यात, वर बघत बघत मागं राहिला आणि चुकला. ते अख्खं देऊळ वरून खाली कोरत आणलंय हे वर्गात सर दोनदा शिकवून बसलेले, ह्याला काही ते पटलं नव्हतं, म्हणून कुठून सुरुवात केली असेल ते शोधत बसला. तर चुकल्यावर त्यानं तिथल्या गार्डला हिंदीत विचारलं, जन्मात पहिल्यांदा अनोळखी माणसाशी हिंदीत बोलला, त्यांना शाळेचं नाव सांगितलं, गाडी कुठं लागलीय ते सांगितलं आणि आपला आपण पोचला. सरांचा बीपी वाढला तो वाढला पण त्यानंतर हा पोरगा बँकेत जाऊन माझी स्लिप भरायला लागला. तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढायला तो एकटा जाऊन आला, तिथल्या बाबूशी हुज्जत घालून. चौतीस लेण्यांपैकी किती बघितल्या ते त्याला आज आठवत नसेल पण हे झालं ते तिथंच झालं, मी आई आहे, मला दिसतं ना.

आणि मुलींचं तर बोलूच नका. आमच्या भागातली आठवीतली पोरगी घराबाहेर रात्र काढते ती फक्त मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी, कुणाच्या तरी लग्नाला. मैत्रिणींबरोबर एका हॉलमध्ये सतरंजीवर झोपणं, आपले पैसे आपण सांभाळणं, पाळी आली तर मॅडमला जाऊन सांगणं, एखादीला घरची आठवण येऊन रडू फुटलं तर दुसरीनं तिला गप्प करणं, हे सगळं तिला कुठं मिळणार? सहलीच्या त्या एका मुक्कामात मिळतं, नाहीतर नाही. त्यानंतर डायरेक्ट सासरी. मी उगाच नाही म्हणत, सरकारच्याच पाहणीत आहे, राज्यात शंभरातल्या बावीस पोरींची लग्नं अठराच्या आत होतात आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तो आकडा निम्म्याला टेकलाय. कागदावर तुम्ही बालविवाहमुक्त गाव करता. पोरीला एकदा तिच्या गावाबाहेरचं जग दाखवा, ती स्वतःच घरी भांडेल की मला शिकायचंय म्हणून.

वर्गात काही लेकरं आजीजवळ राहणारी आहेत, आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर. सहलीचा हंगाम आणि तोडीचा हंगाम एकच. त्यातल्या एका पोराच्या आजीनं कोंबड्या विकून साडेनऊशे रुपये भरले होते. माझे कुठून आले तर लाडक्या बहिणीचे दीड हजार आले त्यातून. म्हणजे तुमच्या सरकारनं डाव्या हातानं दिले, मी शाळेला भरले, आणि उजव्या हातानं तुम्ही गाडी काढून घेतली, लाडक्या बहिणीच्या लाडक्या लेकीच्या तोंडासमोरून. निवडणुकीत कबूल केलेल्या एकवीसशेचं राहू द्या, तो विषय मी काढत नाही.

परवानगीचं पण ऐकून घ्या. सहल काढायची म्हणजे सरांनी दिवाळीपासून कागद गोळा केले. पालकांची संमतीपत्रं, विद्यार्थी यादी, मार्गाचा नकाशा, मुक्कामाच्या जागेचं पत्र, प्रथमोपचार पेटी, गाडीचे कागद, हमीपत्र, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याला. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, काही झालं तर जबाबदार कोण? जबाबदार सर. नेहमी सरच. काळजी घ्यायला पाहिजे, मी नाही म्हणत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडून गेली, जानेवारी २०२४ ला बडोद्याला हरणी तलावात बोट उलटून १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या, त्याच वर्षी डिसेंबरात कर्नाटकात मुर्डेश्वरच्या समुद्रात ४ मुली. वाचून पोटात गोळा येतो. पण त्या बडोद्याच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती, बऱ्याच लेकरांना लाइफ जॅकेट नव्हती. मग कडक कुणाशी व्हायला पाहिजे, बोटवाल्याशी का खेड्यातल्या मास्तरशी? समुद्रावर जीवरक्षक नेमायला पैसे लागतात, परिपत्रकाला एक कागद पुरतो. आमच्या सहलीत तर पाणी म्हणजे फक्त लोणारचं, ते खारट क्षाराचं पाणी, त्यात कोण उतरतंय, वरून बघायचं फक्त.

आणि बघायलाच पाहिजे ना ते. दगडाच्या काळ्या थरात उल्का येऊन आदळली, जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा पडला, २०२० ला पाणी गुलाबी झालं तर जगभरच्या पेपरात फोटो आले, जगातल्या जपायच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. जगभरची माणसं येतात आणि आमच्या गावापासून काही तासांवर असून आमच्या लेकरांनी ते भूगोलाच्या पुस्तकात अंगठ्याएवढ्या फोटोत बघायचं. चौथीला वर्षभर शिवछत्रपतींचा इतिहास शिकवता, गेल्या वर्षी २०२५ ला १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रातले, तेव्हा केवढे फटाके उडवले. त्या अकरातला एक तरी किल्ला बघितलेली आमच्या शाळेत किती लेकरं असतील? हात वर करायला सांगा कधी येऊन. जिजाऊंचा जन्म जिथं झाला ते सिंदखेडराजा एवढं जवळ, तेही राहिलं.

मी हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही साहेब, मी डी.एड. केलेली बाई आहे. २०१० नंतर शिक्षक भरतीला जे कुलूप लागलं ते लागलंच, मग २०१७ ला भरतीसाठी अभियोग्यता चाचणी काढली, पवित्र पोर्टल काढलं, तोपर्यंत माझं लग्न, दोन लेकरं, सासऱ्यांचं आजारपण, आणि घरात मशीन आलेली. पोर्टलचं नाव पवित्र ठेवलं म्हणून नोकरी थोडीच लागते. तर डी.एड.ला आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं कोसबाडच्या आदिवासी मुलांमधलं काम होतं अभ्यासाला. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्या शाळाच घेऊन कुरणात गेल्या, कुरणशाळा. परीक्षेत मी त्यावर पान भरून उत्तर लिहिलं होतं. तेव्हा ना जीआर होता ना ॲप. आणि आज तुमच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवा असं लिहिलंय, देशातली १०० पर्यटनस्थळं ठरवून तिथं मुलांना अभ्यासाला पाठवा असं लिहिलंय, २०२४ ला आनंददायी शनिवार काढला. कागद फार सुंदर आहेत तुमचे, खरंच. आनंदाचा फोटो मात्र सरांनी त्याच दिवशी अपलोड करायचा असतो.

ते स्काऊटचं पण आठवतं का बघा. एक राज्य एक गणवेश, त्यात दुसरा ड्रेस स्काऊट गाईडचा. कापड तुमचं, शिलाई आम्हा बायकांची, ड्रेसमागं शंभर रुपये आणि वरखर्चाला दहा. दोरा, बटनं, लाईटबिल, मापं चुकलेली उसवून परत शिवणं, सगळं त्यात. पैसे कधी हातात आले ते विचारू नका. माझे डोळे गेले त्या खिशांच्या पट्ट्या शिवून. पुढच्या वर्षी योजनाच बदलली. पण माझं म्हणणं पैशाचं नाहीये, एवढी लेकरं आठवड्यातून तीन दिवस स्काऊटचा ड्रेस घालून हिंडली, त्यांना स्काऊटचं शिबिर कुणी दाखवलं? तंबू कसा ठोकतात, शेकोटीपुढं उभं राहून गाणं कसं म्हणतात, खरी कमाई म्हणून चार पदार्थ विकून हिशोब कसा ठेवतात, काहीच नाही. नवरदेवाचे कपडे शिवले आणि लग्नच ठरवलं नाही, असली तऱ्हा.

तालुक्याच्या इंग्लिश स्कूलची पोरं ॲडव्हेंचर कॅम्पला जातात, झिपलाईन का काय ते करतात, पुण्यामुंबईच्या शाळा सिंगापूरला नेतात म्हणे. तिथं सुरक्षेचा प्रश्न येत नाही का? येतो, पण पैसे भरून सुटतो. पुणे जिल्हा परिषदेनं आपल्या शाळांतली पोरं परीक्षा घेऊन निवडली, ५० इस्रोला आणि २५ नासाला पाठवायची ठरवली, खूप बरं वाटलं वाचून, आमच्यासारख्यांचीच लेकरं ती. पण निवड झालेल्या हुशारांना नासा आणि बाकीच्यांना काय? जो पोरगा पहिल्या बाकावर नाही त्यालाच सहलीची जास्त गरज असते. आमच्या वर्गात गणितात नापास होणारा एक आहे, सहलीच्या तयारीत किराणाची यादी, भांडी, कोण कुठं बसणार, सगळं त्यानं केलं होतं. सर म्हणाले, हा पोरगा मला आत्ता कळला.

राज्यात ६५ हजारांच्या आसपास सरकारी शाळा आहेत म्हणतात आणि एसटीकडं गाड्या असतील १५ हजार. वर्षात शाळेला एक गाडी दोन दिवस द्यायची म्हटलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दिवसाला हजार-अकराशे गाड्या लागतील, तेही प्रत्येक शाळेनं काढली तर. एका सभेला किती लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि वीसच्या आत पट असलेल्या १४ हजारांवर शाळा तुम्हाला परवडत नाहीत म्हणे, त्यांच्या सहलीला तर अर्धीच गाडी लागेल, दोन शाळा मिळून जातील.

मास्तरांनी तरी काय काय करायचं. यू-डायसवर शाळेची माहिती भरा, लेकरांचे अपार ओळख क्रमांक काढा, पोषण आहाराचं ॲप, निरक्षर शोधा, मतदार याद्या, आणि आता पन्नाशीचे सर स्वतः टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास करतायत. एवढ्यातून एक माणूस हौसेनं सहल काढतो तर त्याच्या वाट्याला पालकांची बोलणी. पहाटे लोक सरांवरच ओरडत होते. सर हात जोडून उभे. त्या बॅनरवरच्यासारखे नाही, खरे जोडलेले.

मागणी फार मोठी नाही माझी. शाळेच्या सहलीसाठी करार झालेली एसटी कुठल्याही कार्यक्रमाला, मेळाव्याला, सभेला वळवता येणार नाही, आणि वळवली तर त्याच दिवशी दुसरी गाडी द्यायची जबाबदारी आगाराची, एवढा एक जीआर तुम्ही आणि परिवहनमंत्री साहेबांनी मिळून काढा. भरलेले पैसे अजून परत आले नाहीत, ते आजीच्या कोंबड्यांचे तरी लवकर द्या. आणि आम्हाला नवी तारीख मिळालीय फेब्रुवारीतली, ती नेमकी स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे पोरांनी आता लोणार का स्कॉलरशिप ते निवडायचं. ती तारीख बदलून द्या. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस, उद्घाटन, दौरा नसेल एवढं बघून द्या.

कळावे,
आठवीतल्या एका मुलीची आई
(डी.एड., सध्या शिलाईकाम)

ता. क. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर गाडीच्या आधी सरांना खुलासा मागणारी नोटीस पोचली असती.