ओवीचा श्वास मोज

चि. मिनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्याचा राग नाही. "डॉक्टर ओवीला न्यूमोनिया नाही म्हणतात, तू काय तेच धरून बसलीस?" म्हणालीस, आणि रात्रभर डोळा लागला नाही. डॉक्टर बरोबरच असतील. आधी दोन दिवस सर्दी, ताप बेताचा, श्वास सोडताना बारीक शिट्टी, आणि पोर खेळतंय. हे ब्रॉन्किओलायटिसचंच, म्हणजे विषाणूने लहानग्यांच्या बारीक श्वासनळ्या सुजतात त्याचंच, लक्षण. त्यात अँटिबायोटिक देत नाहीत. मीच हट्टाला पेटले.

फक्त श्वास मोज. ती झोपली की झबलं वर करून, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट. रडताना किंवा दूध पिताना नको. मिनिटाला दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० आणि वर्षानंतर ४० ही हद्द; तेवढा किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. ओवीला चौदा महिने झालेत, विसरू नकोस.

धानोऱ्याकडे उपकेंद्रावर आम्ही न्यूमोनिया ओळखायला याच आकड्यावर चालायचो. बंग डॉक्टरांनी १९८८ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनियाचं काम केलं, तेव्हा निरक्षर दायांनाही मणी सरकवून श्वास मोजायला शिकवलं होतं. पण शिट्टीच्या पोराचाही श्वास जलद चालतो, त्याच्याही बरगड्यांखाली श्वास घेताना खाच पडते. म्हणून डॉक्टरांनी दिलेला श्वासातून घ्यायच्या औषधाचा पंप दे आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत मोज. आकडा उतरला, खाच भरली, तर शिट्टीचंच होतं समज. नाही उतरला तर घरी थांबायचं नाही, मग दुखण्याचं नाव काही का असेना.

तुला मी चार पावसाळे सेप्ट्रनची अँटिबायोटिक गोळी कुस्करून मधातून चाटवली. तुझी छाती वाजायची, मी आकडा बघायचे आणि न्यूमोनिया म्हणायचे. सातव्या वर्षी दमा निघाला. त्या गोळ्या तुला नकोच होत्या गं. आणि पिंट्याच्या वेळी उलटं झालं. सगळे म्हणाले, घराण्यातलाच दमा, आणि होता न्यूमोनिया. शिट्टी नव्हतीच, दर श्वासाला नुसतं कण्हणं. काकूंनी शाल सोडली तेव्हा श्वास घेताना बरगड्यांखाली बोट बुडेल एवढा खड्डा पडत होता. तो खड्डा मला अजून दिसतो.

पुन्हा शिकवायलाच लागले बघ. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस. काल व्हिडिओवर एका हाताने पंपाला लावायची नळी, तो स्पेसर, धरून तिला गाणं म्हणत होतीस, पोर रडलीसुद्धा नाही. मला तुझ्या वेळी ते जमलं नव्हतं.

तरी एवढं ऐक. दूध सोडलं, ओठ निळसर दिसले, हलवूनही नीट जागी होईना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जावईबापूंना गाडीची किल्ली दाराजवळच ठेवायला सांग.

आज झोपली की आकडा पाठव. बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल, नुसता आकडा पाठव.

तुझी,
आई