दर सहा तारखेचा, पैसे पंधरा तारखेला

वसई, २४ नोव्हेंबर २०२३

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: मलावीला पाठवलेल्या रकमेला लावलेला दर आणि झालेला उशीर

महोदय,

माझी धाकटी बहीण आफ्रिकेतल्या मलावी देशात, फालोम्बे जिल्ह्यात मिशनच्या दवाखान्यात सिस्टर आहे. मार्चमधल्या फ्रेडी चक्रीवादळाने तिथला मका शेतातच नासवला. आता नवं पीक हाती येईपर्यंतचे महिने उपासाचे. म्हणून ६ नोव्हेंबरला मी आपल्या वसई शाखेतून मक्यासाठी २ लाख रुपये पाठवले.

त्या दिवशी बाजारात डॉलर ८३ रुपये २० पैशांच्या आसपास होता, तुम्ही ८५.१० लावला. पुढे डॉलरला सरकारी दराने ११८० च्या घरात क्वाचा (मलावीचं चलन) मिळत होते, तुम्ही दिले ११६०. दोनदा कात्री लागली तरी मी गप्प बसलो, कारण पावतीवर ‘२४ तासांत जमा’ असं छापलं होतं. त्या भरवशावर बहिणीने व्यापाऱ्याकडे ५० किलोची ७२ पोती बोलून ठेवली, ३७,६०० क्वाचाला एक. वहीत ७२ घरांची नावंही लिहिली.

मग तुमच्याकडून फोन सुरू झाले. घेणाऱ्याच्या नावात ‘मिशन’ आहे, पत्र द्या. पत्र दिलं, तर नोंदणीचा कागद द्या. परदेशी पैसे पाठवताना भरायच्या फॉर्म ए-टूमध्ये ‘देणगी’ असं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं, ते कोणी वाचलंच नाही. नंतर म्हणे दिवाळीची सुट्टी. अहो, सहा तारखेला वसुबारससुद्धा झाली नव्हती!

९ नोव्हेंबरला मलावीच्या रिझर्व्ह बँकेने डॉलर एकदम १७०० क्वाचांवर नेला. व्यापाऱ्याने पोतं ४७,००० केलं. पैसे जमा झाले १५ तारखेला, तेही जुन्याच दराने: २७,२६,००० क्वाचा. त्यात ५८ पोती आली. वहीतली १४ नावं बहिणीला खोडावी लागली. तो दिवस भाऊबीजेचा. आमच्यात ती नसते, पण शेजारची ओवाळणी बघून चुकल्यासारखं झालं.

‘दर व्यवहाराच्या क्षणी ठरतो,’ असं तुमचं ग्राहक सेवा केंद्र सांगतं. ठरू दे. मग पैसेही तेव्हाच पोचवायचे होते, ७२ पोती आली असती. नाहीतर पंधरा तारखेचा दर द्यायचा, ३९,९५,००० क्वाचा झाले असते आणि महागलेली पोतीसुद्धा ८५ आली असती. मधले १२,६९,००० क्वाचा कोणाकडे राहिले, ते लेखी कळवा आणि तेवढी रक्कम त्याच खात्यात भरा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास आपल्या भारतीय रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन.

सोबत पावती, फॉर्मची प्रत आणि खात्याचा उतारा.

आपला,
एक ग्राहक